पाऊण तासात सहा जगज्जेतेपदं

स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरातल्या ‘टीम सरप्राइज’ या संघाने सिंक्रोनाइझ्ड स्केटिंगचं जगज्जेतेपद सहा वेळा पटकावलं: २०००, २००१, २००३, २००५, २००७ आणि २०१२. त्या काळात जागतिक स्पर्धेत प्रत्येक संघ दोनदाच बर्फावर उतरायचा. छोटा कार्यक्रम पावणेतीन मिनिटांच्या आसपास आणि मोठा साडेचार मिनिटांच्या आसपास. म्हणजे एका जगज्जेतेपदाला सव्वासात मिनिटं. सहा जगज्जेतेपदांची बेरीज केली तर पाऊण तासही भरत नाही.

कसोटी क्रिकेटमध्ये पाच-पाच दिवस झुंजणारे संघ पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा हिशेब पचत नाही. तेरा मोसम, हजारो तासांचा सराव, बदलत गेलेल्या मुली, आणि निकाल लावणारा वेळ एवढाच. त्यात चूक झाली तर ती भरून काढायला दुसरा डाव नाही, पुढचा चेंडू नाही. मला या खेळाचं वेड लागलं ते या आकड्यांमुळेच. बर्फावर दिसणारी नजाकत सुंदर आहेच, पण तिच्या आत जे गणित दडलंय ते कळलं की पुढच्या वेळी पाहताना छातीत धडधडतं.

आधी खेळाची ओळख. सोळा स्केटर एकाच वेळी बर्फावर असतात. संघात पुरुषांनाही मज्जाव नाही, पण बहुतेक संघ मुलींचेच. एकमेकींचे खांदे किंवा हात धरून, कधी हात सोडून, त्या वर्तुळं, रेषा, चौकोनी तुकड्या, फिरती चक्रं अशा आकृत्या करतात आणि एका आकृतीतून दुसरीत शिरतात. सुरुवात झाली १९५६ मध्ये, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, अॅन आर्बर गावी. रिचर्ड पोर्टर यांनी ‘हॉकेट्स’ नावाचा संघ उभा केला आणि विद्यापीठाच्या आइस हॉकी सामन्यांच्या मध्यंतरात या मुली प्रेक्षकांचं मन रमवू लागल्या. मध्यंतरातल्या करमणुकीला खेळ म्हणून मान्यता मिळायला बराच काळ गेला. आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने तो अधिकृतपणे स्वीकारला १९९४ मध्ये आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली २००० साली, मिनिआपोलिसमध्ये. मधली वर्षं ४४.

ज्या देशात खेळ जन्मला त्या अमेरिकेला जागतिक स्पर्धेतलं पहिलं पदक मिळालं २००७ मध्ये, ओहायोतल्या मायामी विद्यापीठाच्या संघाचं रौप्य. हॉकेट्सपासून मोजलं तर ५१ वर्षांनी. सुवर्ण तर २०२३ पर्यंतही अमेरिकेच्या वाट्याला आलेलं नव्हतं.

मग ती सुवर्णपदकं गेली कुठे? २००० ते २०१४ या काळात पंधरा जागतिक स्पर्धा झाल्या. त्यातली सहा सुवर्णं स्वीडनची, आठ फिनलंडची आणि एक, २००९ सालचं, कॅनडाच्या ‘नेक्साइस’ संघाचं. पंधरापैकी चौदा, बाल्टिक समुद्राच्या दोन काठांवरच्या दोन देशांकडे! २००० साली स्वीडनची लोकसंख्या होती सुमारे ८९ लाख आणि फिनलंडची सुमारे ५२ लाख. दोन्ही मिळून एक कोटी चाळीस लाखांच्या घरात. २००१ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढी. पृथ्वीवर तेव्हा सहा अब्जांहून अधिक माणसं होती. म्हणजे दर चारशे-साडेचारशे माणसांत एक जण या दोन देशांतला, आणि पंधरापैकी चौदा सुवर्णं त्यांची.

अजून जवळून पाहिलं तर आकडा आणखी चक्रावतो. स्वीडनची सहाच्या सहा सुवर्णं एकाच संघाची, एकाच शहरातली. गोथेनबर्गची लोकसंख्या तेव्हा पाच लाखांच्या आत होती, म्हणजे साधारण त्या वेळच्या कोल्हापूर शहराएवढी. फिनलंडची आठही सुवर्णं हेलसिंकीची: ‘मॅरिगोल्ड आइसयुनिटी’ची चार (२००२, २००४, २००६, २०१४), ‘रॉकेट्स’ची तीन (२००८, २०१०, २०११) आणि ‘टीम युनिक’चं एक (२०१३). जागतिक स्पर्धेत एका देशाचे जास्तीत जास्त दोन संघ उतरू शकतात. हेलसिंकीत जग जिंकू शकणारे संघ तीन आणि तिकिटं दोन. जगातल्या इतर कुठल्याही संघापेक्षा आपल्याच गावातला शेजारचा संघ जास्त धोकादायक, अशी ही परिस्थिती. फिनलंडच्या दबदब्यामागे मला हे कारण फार मोठं वाटतं. घरातली निवड हीच जिथे जागतिक दर्जाची स्पर्धा आहे, तिथे ढिलाईला जागाच उरत नाही.

आणि या दोन शहरांची चुरस तर कादंबरीत शोभावी अशी. पहिली आठ वर्षं पाहा: २०००, २००१ स्वीडन, २००२ फिनलंड, २००३ स्वीडन, २००४ फिनलंड, २००५ स्वीडन, २००६ फिनलंड, २००७ स्वीडन. २००१ ची स्पर्धा हेलसिंकीत भरली आणि टीम सरप्राइजने फिनलंडच्या घरच्या प्रेक्षकांसमोर सुवर्ण नेलं. २००५ मध्ये स्पर्धा गोथेनबर्गला आली, तिथेही टीम सरप्राइजच. मग २००७ नंतरची चार वर्षं या संघाचं नाव सुवर्णाच्या रकान्यात नाही. २०१२ मध्ये स्पर्धा पुन्हा गोथेनबर्गला आली आणि आपल्याच गावात त्यांनी सहावं जगज्जेतेपद घेतलं. आणखी सहा वर्षांनी, २०१८ मध्ये, स्टॉकहोमला जाऊन मॅरिगोल्डने स्वीडनच्या भूमीवर आपलं पाचवं सुवर्ण जिंकलं. उधारी सतरा वर्षांनी फिटली.

आता बर्फावर उतरू. सोळा जणींच्या संघात एकमेकींशी जुळवून घ्यायच्या जोड्या किती? प्रत्येकीला पंधरा साथीदार. सोळा गुणिले पंधरा भागिले दोन, म्हणजे १२०. एकटी स्केटर फक्त स्वतःला सांभाळते. जोडीत एक नातं सांभाळायचं असतं. चौघींत सहा. सोळा जणी झाल्या की १२०. माणसं चौघींच्या चौपट झाली, नाती वीसपट. कार्यक्रमात आकृत्या बदलतात तसतशा शेजारणी बदलतात. आत्ता जिचा खांदा हातात होता ती दहा सेकंदांनी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असते.

संघात चार राखीव स्केटर असू शकतात. वीस जणींतून सोळा निवडायच्या म्हटलं तर ४,८४५ वेगवेगळे संघ बनतात. त्या सोळा जणींना एका रेषेत कोणत्या क्रमाने उभं करायचं, याचे पर्याय किती? सोळा गुणिले पंधरा गुणिले चौदा असं एकपर्यंत गुणत गेलं की येतात वीस लाख ब्याण्णव हजार कोटींहून जास्त. सेकंदाला एक रचना तपासली तर सगळ्या तपासायला साडेसहा लाखांहून अधिक वर्षं लागतील. प्रशिक्षक अर्थातच असं तपासत नाही. उंची, ताकद, वेग, कोण कोणाशेजारी निर्धास्त असते, हे बघून एक क्रम ठरवतो. पण स्पर्धेच्या सकाळी एकीचा घोटा दुखावला तर राखीव मुलीला एक जागा नाही, प्रत्येक आकृतीतली तिची जागा अंगात भिनलेली असावी लागते. राखीव मुलींबद्दल मला म्हणूनच विशेष आदर आहे. टाळ्या त्यांच्या वाट्याला कमी येतात आणि पाठांतर सगळ्यांत जास्त.

या खेळातला सर्वांत धडकी भरवणारा घटक म्हणजे इंटरसेक्शन. आठ जणींची एक रांग इकडून, आठ जणींची दुसरी रांग तिकडून, समोरासमोर येतात आणि एकमेकींतून आरपार जातात. हे क्षणभर थांबवून मोजू. समजा प्रत्येकीचा वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. समोरून येणारीही तेवढ्याच वेगात, म्हणून दोघी एकमेकींकडे ताशी ३६ किलोमीटरने झेपावतात. रांगेतल्या दोघींमध्ये दीड मीटर अंतर धरलं, तर समोरचीला मधून जायला जागा बरोबर मध्यात. ओलांडण्याच्या क्षणी सोळाही जणी एका ओळीत येतात, शेजारच्या दोघींच्या शरीरांचे मध्य पाऊण मीटरवर. प्रत्येकीच्या खांद्यांची रुंदी ४० सेंटीमीटर धरा. दोन खांद्यांमध्ये उरतात ३५ सेंटीमीटर, फार तर दीड वीत. अशा फटी एकूण पंधरा. शरीरं एकमेकींना ओलांडतात त्याला लागणारा वेळ सेकंदाच्या सहा शतांशांच्या आसपास. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

एखादी दहा मीटरवरून येताना दिशेत फक्त दोन अंशांनी चुकली, तर ओलांडण्याच्या रेषेपर्यंत पोचेतो ती ३५ सेंटीमीटर बाजूला सरकलेली असेल. सगळी फट संपली. घड्याळातला मिनिटकाटा वीस सेकंदांत जेवढा फिरतो तेवढे हे दोन अंश. आणि वरच्या दर्जाचे गुण हवे असतील तर सरळ जाऊन भागत नाही. ओलांडताना स्वतःभोवती गिरकी घ्यावी लागते. म्हणजे त्या फटीतून जाताना क्षणभर समोरची दिसतही नाही. टीम सरप्राइजसारख्या संघाची जुनी चित्रफीत पाहायला मिळाली तर या क्षणी ती थांबवून बघा. सोळा जणींचे चेहरे बघा. एकीच्याही चेहऱ्यावर घाई नसते.

चक्राचं गणित वेगळं. सोळा जणी एकमेकींना धरून एक लांब रेषा करतात आणि ती रेषा मध्यबिंदूभोवती फिरते. दोन्ही बाजूंना आठ-आठ. सर्वांत आतली मध्यापासून अर्ध्या मीटरवर आणि पुढची प्रत्येक ८० सेंटीमीटर लांब, असं धरलं तर सर्वांत बाहेरची ६ मीटर १० सेंटीमीटरवर येते. चक्राचा एक फेरा होताना आतली जेमतेम ३ मीटर सरकते आणि बाहेरचीला ३८ मीटर कापावे लागतात, बारापट. फेरा आठ सेकंदांत करायचा तर बाहेरचीला सेकंदाला पावणेपाच मीटर पळावं लागतं, आणि आतलीला त्याच वेळी जवळपास जागच्या जागी, पण तोल न घालवता, पावलं टाकत राहावं लागतं. आतलीचं काम सोपं वाटतं, पण ते तसं नाही. बर्फावर सावकाश राहणं अवघड. गती असली की धार आधार देते. गती गेली की शरीराला डगमगायला मोकळीक मिळते. शिवाय बाहेरून येणारा सगळा ताण हातांतून आतपर्यंत पोचतो. लेझीमच्या रांगेत एखाद्याचं पाऊल चुकलं तर पुढच्या ठेक्याला तो सावरून घेतो, पायाखालची जमीन त्याला धरून ठेवते. बर्फ कोणाला धरून ठेवत नाही. इथे बाहेरचीचा हात सुटला तर ती त्याच वेगात सरळ कठड्याकडे निघते.

त्या धारेबद्दलही सांगायला हवं. फिगर स्केटिंगचं पातं साधारण चार मिलिमीटर जाड असतं आणि खालच्या बाजूने त्याला लांबीभर खोबण असते. त्यामुळे प्रत्येक पात्याला दोन धारा, आतली आणि बाहेरची. सोळा जणी, बत्तीस पाती, चौसष्ट धारा. प्रत्येक वळण कुठल्या धारेवर सुरू झालं आणि कुठल्या धारेवर संपलं, हे परीक्षक बघतात. नो-होल्ड घटकात सोळा जणी चार-चारच्या चार रांगांत, कोणी कोणाला न धरता, तीच वळणं एकाच क्षणी घेतात. एकजण चुकीच्या धारेवर गेली तरी सरळ रांग किंचित वाकते आणि ती वरच्या खुर्चीतून स्वच्छ दिसते. खालचा बर्फ म्हणजे ६० मीटर बाय ३० मीटरचा, १,८०० चौरस मीटरचा थर. तीन सेंटीमीटर जाडी धरली तर वजन सुमारे ५० टन.

संगीताच्या तालावर सगळ्या एकत्र पावलं टाकतात, असं आपण सहज म्हणतो. तेही तितकं खरं नाही. आवाज सेकंदाला ३३० ते ३४० मीटर जातो. संघ ३० मीटरमध्ये पसरलेला असेल आणि ध्वनिक्षेपक एकाच बाजूला असेल, तर तोच ठोका एका टोकाच्या मुलीला ऐकू येतो आणि दुसऱ्या टोकाच्या मुलीला जवळपास नऊ शतांश सेकंद उशिरा. इंटरसेक्शनमध्ये सहा शतांशांत सगळं आटोपतं, हे आत्ताच पाहिलं. म्हणजे नुसत्या कानावर विसंबलं तर सोळा जणी एकत्र येणारच नाहीत. ताल अंगात मुरलेला हवा आणि डोळ्यांच्या कडेने शेजारणीचा खांदा दिसत राहायला हवा.

आता मला सर्वांत थक्क करणारा हिशेब. समजा संघातली प्रत्येक मुलगी इतकी तयार आहे की कुठलाही घटक ती शंभरात नव्याण्णव वेळा निर्दोष करते. आपण अशा मुलीला परिपूर्णच म्हणू. दोन्ही कार्यक्रमांत मिळून १४ घटक धरू. सोळा जणी, चौदा घटक: चूक होऊ शकेल अशा जागा २२४. प्रत्येक चूक दुसरीपासून स्वतंत्र मानली, तर संपूर्ण संघ दोन्ही कार्यक्रम निर्दोष करण्याची शक्यता किती? जेमतेम साडेदहा टक्के. दहा स्पर्धांत एकदा. नव्याण्णव टक्के तयारीच्या सोळा जणी एकत्र आणल्या तर दहापैकी नऊ वेळा कोणी ना कोणी कुठे ना कुठे चुकतेच.

हेच उलट करून पाहा. संघ दहापैकी नऊ वेळा निर्दोष व्हायला हवा असेल, तर प्रत्येक मुलीला एक घटक करताना सुमारे २,१०० वेळांत एकच चूक परवडते. एक पडली की संघाच्या गुणांतून एक गुण थेट वजा, त्या घटकाचे गुण घसरतात ते वेगळे. आणि असं असताना एक संघ तेरा वर्षांत सहा वेळा जगात पहिला येतो. मोठी कारकीर्द म्हणतात ती अशी. शंभर शतकं, हजार बळी यांच्यासमोर ‘सहा’ हा आकडा लहान दिसतो. पण त्या सहाच्या मागे २२४ जागा सहा वेळा उभ्या होत्या.

त्यात मुली बदलत राहतात. संघाचं नाव तेच, गाव तेच, पण शिक्षण, नोकरी, लग्न, दुखापत यांमुळे दर मोसमाला काही जागा रिकाम्या होतात. सोळांपैकी चार जणी नव्या आल्या तर १२० जोड्यांपैकी जुन्या बाराजणींच्या आपसातल्या ६६ जोड्या तेवढ्या मुरलेल्या उरतात. ५४ जोड्या पहिल्यापासून बांधायच्या. पाव संघ बदलला की जवळपास निम्मी नाती कोरी होतात. प्रशिक्षकांच्या कामाचं मोल मला इथे सगळ्यांत जास्त जाणवतं.

२०१४ नंतर नकाशा बदलला. २०१५ मध्ये नेक्साइसने पुन्हा सुवर्ण घेतलं. २०१६, २०१७ आणि २०१९ मध्ये रशियाच्या सेंट पीटर्सबर्गच्या ‘पॅराडाइज’ने. मग २०२० ची लेक प्लॅसिडची आणि २०२१ ची झाग्रेबची, अशा दोन्ही जागतिक स्पर्धा महासाथीमुळे रद्द झाल्या. एप्रिल २०१९ नंतर पुढची जागतिक स्पर्धा थेट एप्रिल २०२२ मध्ये, कॅनडातल्या हॅमिल्टनला. ज्या मुलीची कारकीर्द मुळातच पाच-सहा मोसमांची, तिची दोन वर्षं अशी गेली. तिच्या वाट्याची पंधरा मिनिटं पुसली गेली, असंच म्हणावं लागेल. हॅमिल्टनच्या स्पर्धेत रशियाच्या संघांवर बंदी होती. तिथे आणि २०२३ मध्ये लेक प्लॅसिडलाही माँट्रियलच्या ‘ले सुप्रीम’ने सुवर्ण जिंकलं. तोवरच्या बावीस स्पर्धांचा ताळेबंद असा: फिनलंड ९, स्वीडन ६, कॅनडा ४, रशिया ३.

एवढं असूनही हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. जुलै २०१८ मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकसाठी सात नव्या स्पर्धा जाहीर झाल्या, त्यात याचं नाव नव्हतं. अडचण पुन्हा आकड्यांचीच आहे. हिवाळी ऑलिंपिकला सुमारे २,९०० खेळाडूंची मर्यादा आहे. बीजिंगमध्ये पुरुष एकेरी, महिला एकेरी, जोड्या आणि आइस डान्स मिळून फिगर स्केटिंगच्या जागा होत्या १४४. सिंक्रोनाइझ्डचे दहा संघ घ्यायचे म्हटले तर त्या एकाच प्रकाराला १६० जागा लागतात, राखीव मुली सोडून. पण महिलांच्या आइस हॉकीचे दहा संघ तेवीस-तेवीस खेळाडूंसह, म्हणजे २३० जणी, बीजिंगमध्ये होत्याच की. सिंक्रोनाइझ्डचे सहाच संघ घेतले तर ९६ जागा पुरतात. २,९०० मधल्या ९६, म्हणजे शंभरात साडेतीनही नाहीत. हा हिशेब परवडणारा आहे आणि तो ऑलिंपिक समितीने मान्य करावा, असं मला अगदी मनापासून वाटतं.